पानावरचं बदक

आमच्या घरात मारलमीला पान सांगतात. मारलमी म्हणजे महालय अमावास्या, सर्वपित्री. म्हैसूरकडे तिला असंच म्हणतात, आणि आम्ही इथे इतक्या पिढ्या काढल्यात की आमच्या मराठीतही तेच बसलंय. गेलेल्या माणसासाठी केळीचं पान मांडायचं आणि त्याला आवडायचं ते वाढायचं, हे इथल्या पुष्कळ घरांत चालतं. पान सांगणं मात्र मी आमच्या घराबाहेर कुठे पाहिलं नाही. घरातला थोरला माणूस पानासमोर बसतो आणि एकेक पदार्थ दाखवून सांगतो, हे काय आहे आणि कुठून आलं.

"अण्णा, हा भात. तांदूळ विकतचा, रेशनचा नाही. हे वडे, तुमच्या सुनेनं केले. ही खीर, दूध पिशवीचं आहे."

अण्णा म्हणजे माझे आजोबा. त्यांना मी पाहिलेलं नाही. वडिलांचं, म्हणजे अप्पांचं, म्हणणं असं की गेलेला माणूस खात नाही, ऐकतो. त्यामुळे ऐकवायचं ते खरं पाहिजे. एका वर्षी त्यांनी पानापुढे सांगून टाकलं, "लोणचं मागच्या वर्षीचं आहे, जरा खवट लागतंय," आणि आई दिवसभर त्यांच्याशी बोलली नाही.

आमचे लोक मूळचे रंगारी. कापड रंगवायचं, छापायचं, वाळवायचं. पावसाळ्यात कापड वाळत नाही, म्हणून त्या दिवसांत अण्णांना काम नसायचं, आणि मग ते तळ्यावर जायचे. बदकं धरायचे. बंदूक नाही, जाळं नाही. पाण्याच्या काठाला दोऱ्याचे फास लावून. धरायची त्यांची स्वतःची रीत होती: मागे पिल्लं असलेलं बदक धरायचं नाही, एका घराला एकच न्यायचं, आणि एका तळ्यावरून उठलेल्या थव्यामागे दुसऱ्या तळ्यावर जायचं नाही. ती रीत कुणी लिहून दिली नव्हती, पण तळ्याकाठच्या सगळ्यांना ठाऊक होती. बदकाचा रस्सा अण्णांना फार आवडायचा. ते गेल्यावर दर मारलमीला त्यांच्या पानावर तळ्यातल्या रानबदकाचा रस्सा यायला लागला, आणि अप्पा सांगायला लागले, "अण्णा, हे तुमच्याच तळ्यातलं बदक."

आमच्या घराण्यात डिग्री घेतलेली मी पहिली. कुणी विचारलं नाही तरी मी हे सांगते, कारण ती कुणी आणून हातात दिली नव्हती. रंगाच्या कढईशेजारी बसून अभ्यास करून मी बी.एस्सी. झाले, बी.एड. झाले, आणि आता म्हैसूरच्या विजयनगर भागातल्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवते. कॉलेजच्या पहिल्या वर्षी मी घरी येऊन सांगितलं होतं की रानपक्षी धरायला कायद्यानं बंदी आहे, माझ्या जन्माच्या आधीपासून आहे.

"ते बंदुकीवाल्यांसाठी," अप्पा म्हणाले. "साहेब लोक मारायचे ना थवेच्या थवे, त्यांच्यासाठी."

"फास लावणंसुद्धा शिकारच धरतात, अप्पा."

"मी कुठे फास लावतो? मी विकत आणतो."

"विकत आणणंही गुन्हाच आहे."

"मग पुट्टी, तू खाऊ नको."

पुट्टी म्हणजे कन्नडात लहान मुलगी. पन्नाशी जवळ आली तरी मी त्यांची पुट्टीच आहे. तर मी खाल्लं नाही. त्या वर्षापासून मारलमीला मी वडे आणि भात खाऊन उठायची, आणि दर वर्षी अप्पांना कायदा सांगायची. आई म्हणायची, "शिकली म्हणून जीभ मेली हिची. रानातल्याची चव काय असते, पाळलेल्याला येईल का ती!"

बदक यायचं बेट्टदपुरच्या वाटेवरच्या एका तळ्यावरून. गावाचं नाव लिहीत नाही. तिथल्या लोकांना अजून तिथेच राहायचंय. तळ्याकाठी मासे धरणारा एक म्हातारा आहे, अण्णांच्या सोबत्याचा मुलगा. त्याच्याकडून अप्पा मारलमीच्या आधी बदक आणायचे, सोललेलं, पानात बांधलेलं. यंदा अप्पांचा गुडघा दुखत होता म्हणून मी त्यांच्याबरोबर गेले. बसमध्येही मी त्यांना कायदा सांगितला. त्यांनी खिडकीबाहेर बघत ऐकून घेतलं.

म्हाताऱ्यानं आम्हाला ओसरीवर बसवलं. बायकोनं कॉफी आणली. बोलणं सगळं कन्नडात.

"यजमानरे," तो अप्पांना आदरानं म्हणाला, "या वर्षी नाही जमायचं."

"का? तळं भरलंय की."

त्यानं अंगणातल्या दोरीकडे बोट केलं. दोरीवर खाकी शर्ट वाळत होता. "धाकटा मुलगा नोकरीला लागलाय. फॉरेस्टवाल्यांनी तळ्यावर वॉचर म्हणून घेतलाय, रोजंदारीवर. आता माझ्या घरातून पानात बांधलेलं बदक बाहेर गेलं तर लोक काय म्हणतील?"

"एक पक्षी तर न्यायचा. अण्णांच्या पानासाठी."

"एकही नाही."

बायको दारात उभी होती. ती म्हणाली, "सांगून टाका की आता. किती वर्षं तोंड लपवणार?"

म्हाताऱ्यानं कॉफीचा लोटा खाली ठेवला. "तसं मी आता धरत नाहीच, यजमानरे. पूर्वीच सोडलं. तुम्हाला देत होतो ती पाळलेली. भाताच्या शेतात बदकं चारायला आणतात ना, त्या लोकांकडून घ्यायचो. पिसं काढली की कोण ओळखतंय?"

अप्पांनी विचारलं, "कधीपासून?"

"नातू चालायला लागला तेव्हापासून असेल."

आतून तोच नातू सायकल घेऊन बाहेर आला. ओठांवर मिसरूड फुटलेली.

मला हसू आलं, खरं सांगते. घरी आल्यावर धाकट्या भावाला सांगितलं तर तो दुकानाच्या फळीवर हात मारून हसला. "अक्का, म्हणजे तू इतकी वर्षं कोंबडीसारखं पाळलेलं बदक सोडून उपाशी उठलीस! कायद्यानं!" आणि आई, जी शेजारणींना रानातली चव समजावून सांगायची, तीही हसली.

अप्पा हसले नाहीत. त्या रात्रीच्या जेवणाला ते ताटावर बसले आणि म्हणाले, "मी अण्णांना काय सांगितलं इतकी वर्षं?"

"अय्यो, तुम्हाला माहीत नव्हतं ना," आई म्हणाली. "त्यांना कळतं सगळं."

"त्यांना सगळं कळतं, तर मग मी सांगायचं कशाला?"

मी सरळ विचार करणारी बाई आहे. मी म्हटलं, "यंदा पाळलेलंच आणू, मार्केटातून. आणि पाळलेलं आहे असंच सांगा. खोटं कुठे आलं त्यात?"

"आणि मागचं?"

"मागचं तुम्ही मुद्दाम केलं नाही."

"मुद्दाम केलं नाही, पण बोललो मीच ना? तोंड कुणाचं?" ते भात कालवत राहिले, खाल्ला नाही. "एकदा तरी त्यांच्या पानावर खरं पडायला पाहिजे. मी असेपर्यंत."

माझ्या लक्षात आलं की हे कुठे चाललंय. मी अगदी उघड उघड सांगितलं. "अप्पा, धरायला जायचं नाही. पकडलं तर केस होते. जेल आहे त्याला. वय बघत नाहीत."

"आयतु," ते म्हणाले. झालं, ठीक आहे, अशा अर्थी कन्नडात म्हणतात तसं. मला वाटलं, विषय मिटला.

आमचं दुकान आता नावालाच रंगाऱ्याचं आहे. भाऊ साड्यांना फॉल लावून देतो, पॉलिश करून देतो. कधी कुणी विटलेली रेशमी साडी आणली तर मागच्या अंगणात कढई तापते. पुढच्या आठवड्यात मी शाळेतून तिकडे गेले तर कढई तापलेली होती आणि अप्पा समोर बसले होते. रेशमाचे उरलेले धागे पिळून केलेला बारीक दोरा ते बुडवत होते. बाहेर काढून उन्हात बघत नव्हते. शेजारी बादलीत पाणी होतं, त्यात सोडून वरून बघत होते. मग पुन्हा कढईत. रंग म्हणाल तर हिरवा नाही आणि तपकिरीही नाही. पाण्यात अर्धा बुडालेला लव्हाळा ढगाळ दिवशी दिसतो तसा. रंगाऱ्याच्या घरात वाढलेली आहे मी, पण तो रंग मी आमच्या अंगणात पूर्वी पाहिला नव्हता.

"कुणाचं काम आलंय?" मी विचारलं.

"आपलंच."

"करू दे अक्का," भाऊ आतून म्हणाला. "किती दिवसांनी कढईजवळ बसलेत. बरं वाटतंय त्यांना."

त्यानंतर अप्पा पहाटेच्या बसनं जायला लागले. आईला म्हणाले, "बेट्टदपुरकडे जाऊन येतो." आईला वाटलं तिथल्या डोंगरावरच्या देवळात जातात. ती खूश झाली, पिशवीत नारळ घालून दिला. नारळ संध्याकाळी तसाच परत आला. तिनं विचारलं तेव्हा अप्पा म्हणाले, "देवळात नाही गेलो," आणि आईनं समजून घेतलं की गुडघ्यामुळे पायऱ्या चढवल्या नसतील. अप्पा खोटं काहीच बोलले नव्हते. आम्ही सगळ्यांनी आपापल्या सोयीचं ऐकलं.

फोन आला तेव्हा मी नववीच्या वर्गात होते. शिपायानं बोलावलं. पलीकडे अनोळखी आवाज, घाबरलेला. "मिस, मी तळ्यावरचा वॉचर. तुम्ही आमच्या घरी आला होता ना? अज्जांना, तुमच्या वडिलांना, आमच्या ऑफिसात आणलंय. तुम्ही या."

स्कूटरवरून एकटीच गेले. वाटेत मला राग येत होता, भीती नाही. भीती ऑफिसच्या दारात चपला दिसल्यावर वाटली; चिखलानं माखलेल्या, एकीचा पट्टा तुटून सुतळीनं बांधलेला.

अप्पा बाकावर बसले होते. पँट गुडघ्यापर्यंत ओली. टेबलावर तो दोरा होता, फासांसकट गुंडाळलेला, सुकून फिक्कट झालेला. खाली बिस्किटांच्या रिकाम्या खोक्याला भोकं पाडली होती आणि त्यातून मधूनमधून खसखस ऐकू यायची. मी वाकून बघितलं. बदक जिवंत होतं. चोच काळी, टोकाला पिवळी, कपाळाजवळ दोन लाल ठिपके. पुस्तकात त्याला हळदी-कुंकू बदक म्हणतात. आमच्या घरात सगळ्याला नुसतं बदकच म्हणायचे. इतक्या जवळून मीही पहिल्यांदाच बघत होते. मुलांना मी फळ्यावर चित्र काढून शिकवते.

अधिकारी माझ्याहून पुष्कळ लहान होता. उठून खुर्ची दिली. "बसा मिस. पाणी घ्या." वॉचर दाराशी उभा होता, माझ्याकडे बघत नव्हता. "मी सोडूनच दिलं असतं मिस," तो पुटपुटला. "पण बांधावर कॅमेरेवाले होते. म्हैसूरहून पक्षी बघायला आलेले. त्यांनी फोटो काढले, तिथूनच फोन लावला साहेबांना."

"अज्जांशी बोलतोय मी मघापासून," अधिकारी म्हणाला. "मी म्हटलं, अज्जा, दुसऱ्याच कुणी लावलेल्या फासात पक्षी अडकला होता आणि तुम्ही सोडवायला पाण्यात उतरलात, असंच झालं ना? तर नाही म्हणतात. पुन्हा विचारलं. पुन्हा नाही." तो माझ्याकडे बघत राहिला. "फोटोत फास लावताना कुणी दिसत नाही. फक्त पक्षी हातात दिसतोय."

म्हणजे सुटायला दार उघडं होतं. त्यानं ते माझ्यासाठी धरून ठेवलं होतं. टेबलावरच्या दोऱ्याचा रंग आख्ख्या जिल्ह्यात एकाच माणसाच्या हातचा आहे हे त्या खोलीत मला आणि अप्पांनाच माहीत होतं.

मी म्हटलं, "सर, वय झालंय त्यांचं. अलीकडे विसरतात. कुठे गेले, काय केलं, त्यांच्या ध्यानात राहत नाही. मनानंच काही जुळवून सांगतात."

अधिकाऱ्यानं मान हलवली आणि पेन उचललं.

"पुट्टी," अप्पा मराठीत म्हणाले, "मी काय विसरलो?"

"अप्पा, गप्प बसा. सही करू आणि घरी जाऊ."

"सांग की. काय विसरलो मी? तुझा जन्म विसरलो? तुझ्या बी.एस्सी.चा निकाल लागला तो दिवस विसरलो?"

"घरी बोलू."

ते अधिकाऱ्याकडे वळून कन्नडात बोलायला लागले. सगळं सांगितलं. दोरा कसा पिळला, कशात रंगवला, पाण्यात दिसू नये म्हणून रंग पाण्यातच का बघायचा. कितीतरी सकाळी तळ्यावर बसून कुठल्या बदकामागे पिल्लं आहेत आणि कुठलं एकटं चरतं हे बघून ठेवलं. कुणासाठी धरलं. "माझ्या डोक्याला काही झालेलं नाही सार. मुलगी शिकलेली आहे, काळजीनं बोलली."

अधिकाऱ्यानं पेन खाली ठेवलं. "धरायला बंदी आहे हे माहीत होतं अज्जा?"

"माहीत होतं."

"कुणी सांगितलं होतं?"

"हिनं," अप्पा म्हणाले. "दर वर्षी सांगते."

हे सांगताना त्यांच्या आवाजात अभिमान होता. तो ऐकून मला तिथेच ओरडावंसं वाटलं.

अधिकारी भला माणूस होता. त्यानं दुसरी वाट काढली. वरिष्ठांना फोन केला, मग म्हणाला की पक्षी जिवंत आहे, माणूस म्हातारा आहे, दंड भरून इथल्या इथे मिटवता येईल. फक्त तसं लिहून द्यायला हवं. त्यानं कन्नडात लिहून कागद पुढे केला. अप्पांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसला, आणि सावकाश वाचलं. शाळेत ते चौथीपर्यंतच गेलेत, पण वाचल्याशिवाय सही करत नाहीत.

"इथे 'न कळत' लिहिलंय सार."

"हो अज्जा. न कळत, चुकून झालं."

"तेवढं काढा. सही करतो."

"ते काढलं तर मला मिटवता येत नाही. कोर्टात पाठवावं लागतं."

"मग पाठवा."

मी उठून उभी राहिले. मला काय वाटलं ते मी लपवत नाही. मला त्यांचा संताप आला. एका शब्दासाठी! मराठीतच म्हटलं, "अप्पा, मारलमी तोंडावर आलीये. तुम्हाला आत ठेवलं तर अण्णांचं पान कोण सांगणार?"

माझ्याजवळ तेवढंच एक हत्यार होतं, आणि ते लागलं. ते थांबले. कागदाकडे बघितलं, मग खोक्याकडे. बदकानं आत पंख आपटले.

"आणि हे लिहून देऊन आलेल्या माणसानं पान सांगितलं," ते म्हणाले, "तर ते ऐकायचं कुणी?"

दुपारी मॅजिस्ट्रेटसमोर उभं केलं. वय बघून जामीन झाला. जामिनावर सही माझी. वॉचर बदक घेऊन तळ्यावर गेला. आम्हाला तिकडे जाऊ दिलं नाही. जाताना अप्पांनी त्याला हाक मारून सांगितलं की डावा पाय बघ, फास तिथे बसला होता, सूज असली तर लगेच सोडू नको. तो पोरगा म्हणाला, "हो अज्जा," आणि खोकं छातीशी धरून पळतच गेला.

घरी येताना अप्पा स्कूटरवर मागे बसले होते. शहराच्या जवळ आल्यावर माझ्या कानाशी म्हणाले, "तुझ्या नोकरीला काही होणार नाही ना?"

"माझ्या नोकरीला काय होणार?"

खरं म्हणजे मला माहीत नव्हतं. पक्षी बघणाऱ्यांच्या कुठल्याशा ग्रुपवर फोटो फिरला. गुडघाभर पाण्यात अप्पा, हातात बदक, चेहरा स्पष्ट. खाली लोकांनी काय काय लिहिलं होतं ते इथे लिहिण्याजोगं नाही. तो फिरत फिरत आमच्या स्टाफरूममध्ये आला. एका बाईंनी फोन पुढे केला, "मिस, हे तुमचे कुणी...?" मी म्हटलं, "माझे वडील." त्यांनी फोन पर्समध्ये ठेवला. शाळेच्या निसर्ग मंडळाचं काम माझ्याकडे आहे, मुलांना तळ्यावर न्यायचं असतं. हेडमास्तर म्हणाले, यंदाची सहल राहू दे, पाऊस फार आहे. पाऊस नव्हता.

मला कुणी बाजू विचारली तर मी कायद्याची आहे. तळ्यांवर आता काय उरलंय ते मी मुलांना घेऊन जाऊन पाहिलंय. काठ भरून इमारती आल्यात, पाण्यावर फेस येतो. प्रत्येकानं आपल्या अण्णांसाठी एकेक पक्षी न्यायचं म्हटलं तर काय राहील? हे मी अप्पांना त्या दिवसांत बोललेसुद्धा. ते म्हणाले, "बरोबर आहे तुझं." वाद घातला असता तर बरं झालं असतं.

आईचं दुःख वेगळंच होतं. ती भावाला म्हणत होती, "हिनं त्यांना वेडं ठरवलं, लोकांसमोर." भाऊ म्हणाला, "ठरवून सुटले असते तर काय वाईट होतं?" आई म्हणाली, "ते मला नको सांगू." आणि मी आत आले तशी ती डाळ निवडायला लागली.

मारलमीला सकाळपासून घरात नेहमीचा वास होता, वड्यांचा, मटणाचा. बदक नव्हतं. मी मार्केटातून पाळलेलं आणते म्हटलं होतं. अप्पा नको म्हणाले. पान मांडलं, वाढलं. अप्पा पानासमोर बसले. गुडघा दुमडवत नव्हता म्हणून एक पाय लांब केला होता. आम्ही मागे उभे.

भात सांगितला, वडे सांगितले, मटण कुठल्या दुकानातलं ते सांगितलं. मग पानावर जिथे दर वर्षी बदकाचा रस्सा असायचा तिथे नुसती हिरवी जागा होती. तिथे येऊन ते थांबले.

"अण्णा, बदक नाही. मागे इतकी वर्षं सांगितलं ते तुमच्या तळ्यातलं नव्हतं. पाळलेलं होतं, मला ठाऊक नव्हतं. यंदा मी धरलं होतं. तुमच्यासारखाच दोरा रंगवला होता, रंग जमला होता. बंदी आहे हे ठाऊक असताना धरलं. सरकारनं सोडवलं. केस आहे."

मला वाटलं संपलं. आई हात जोडायला लागली होती.

"पुट्टी आली होती मला न्यायला," ते म्हणाले. "तिथे ती काय बोलली ते मी सांगत नाही."

एवढंच. मग नमस्कार करून उठले, भावानं हात दिला.

मी दुपारी जेवले. सगळं जेवले. तिथे मी जे बोलले ते त्यांना घरी आणण्यासाठी बोलले, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा बोलेन, असं मी आईला सांगितलं. अप्पांना सांगायला मात्र तोंड उघडलं नाही. त्यांनी माझं ते बोलणं पानावरून वगळलं होतं. माफ केलं म्हणून, की खोटं तिथे ठेवायचं नाही म्हणून, ते मी अजून विचारलेलं नाही.

वकील सरस्वतीपुरममध्ये राहतात, ओळखीतले आहेत. मागच्या आठवड्यात अप्पांना घेऊन गेले. वकिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले की सोपं आहे. अज्जांनी बोलायचं नाही. वय, तब्येत, पहिलाच गुन्हा. फास कुणी लावला याला साक्षीदार नाही. "फक्त एक अडचण आहे मिस. तिथल्या जबाबात तुमचा उल्लेख आलाय. तुम्ही यांना कायदा सांगितला होता, असा. समजा, कोर्टात तुम्हाला बोलावलं आणि विचारलं, की यांना माहीत होतं का, तर तुम्ही काय सांगणार?"

मला माहीत होतं वकिलांना काय ऐकायचंय. नुसतं 'आठवत नाही' म्हटलं तरी पुरलं असतं. अप्पा शेजारच्या खुर्चीत बसले होते, दोन्ही हात काठीवर, माझ्याकडे न बघता.

"सांगितलं होतं, असं सांगणार," मी म्हटलं. "दर वर्षी सांगत होते. त्या दिवशी बसमध्येसुद्धा सांगितलं होतं."

वकिलांनी चष्मा काढला. "मिस, हे तुम्ही तुमच्या वडिलांविरुद्ध सांगताय, कळतंय ना?"

"कळतंय."

अप्पांनी काठीवरचा एक हात काढून माझ्या हातावर ठेवला. इतक्या दिवसांत त्यांनी मला पहिल्यांदा स्पर्श केला. हात खरखरीत, थंडगार होता, आणि त्यानं माझी बोटं घट्ट आवळली. म्हणजे त्यांनाही भीती वाटत होती. हे मला त्या क्षणापर्यंत सुचलंच नव्हतं. त्यांना शिक्षा होऊ शकते, आणि ती आता माझ्या तोंडून होऊ शकते.

कोर्टाची तारीख दिवाळीनंतरची मिळालीये.